चीनच्या सरकारी कंपन्यांचा मालक नक्की कोण?

नागपूर मेट्रोत रोज बसणाऱ्या किती जणांना माहितीये कोण जाणे, पण ते डबे चीनमधल्या दालियानहून आलेत. आणि मुंबईची ती पहिली मेट्रो, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, २०१४ला सुरू झालेली, तिचे डबे नानजिंगचे. दोन्ही कारखाने सरकारी. गंमत अशी की रेल्वेचे डबे आणि इंजिनं बनवणारी चीनची मुळात एकच अवाढव्य सरकारी कंपनी होती, २०००मध्ये सरकारनेच तिचे दोन तुकडे केले, एक उत्तरेची एक दक्षिणेची, का तर स्पर्धा हवी म्हणून. मग झाली की स्पर्धा! इतकी झाली की अर्जेंटिनातल्या टेंडरात हे दोघे सख्खे भाऊ एकमेकांचाच भाव पाडायला लागले. बीजिंगमधल्या साहेबांना ते काही बघवेना, आणि २०१५मध्ये त्याच सरकारने दोघांना परत एकत्र करून सीआरआरसी नावाची रेल्वेगाड्या बनवणारी जगातली सगळ्यात मोठी कंपनी उभी केली. म्हणजे मुंबईची मेट्रो धावायला लागली तेव्हा नानजिंगवाले दक्षिण कंपनीचे होते, आणि २०१९ला नागपूरची सुरू झाली तोवर नानजिंग आणि दालियान एकाच घरात परत नांदायला लागले होते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा नेहमीचा वाद. एक गट म्हणतो बघा चीनमध्ये सगळं सरकार करतं म्हणून ते पुढे गेले, दुसरा म्हणतो छे, त्यांनी सगळं खाजगी केलं म्हणून पुढे गेले. दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघांकडेही एकेक फॉरवर्ड असतोच. मला विचाराल तर चीनने गेल्या पंचेचाळीस वर्षांत जे केलं त्याला यातलं कुठलंच लेबल नीट बसत नाही. तिथे खरा प्रश्न कायम एकच होता, या कंपनीचा मालक कोण, आणि प्रत्येक पिढीतल्या नेत्यांनी त्याला बगल देऊन बाकी सगळं बदललं.

सुरुवात कुठून करायची तर १९७८. तेव्हा चीनच्या औद्योगिक उत्पादनातला सुमारे ७८ टक्के वाटा सरकारी कारखान्यांचा होता, उरलेला सामूहिक मालकीच्या कारखान्यांचा, खाजगी म्हणावं असं जवळपास काहीच नाही. कारखाना म्हणजे नुसता कारखाना नव्हताच, अख्खं गाव असायचं ते. घर कारखान्याचं, शाळा कारखान्याची, दवाखाना, पाळणाघर, आंघोळीचे हमामसुद्धा कारखान्याचे. बाप रिटायर झाला की त्याची जागा पोराला मिळायची. नफा झाला तर सगळा वर जायचा, तोटा झाला तर वरून भरून यायचा, आणि काय बनवायचं, किती बनवायचं, कुणाला कितीला द्यायचं हे सगळं सरकारी योजनेत लिहिलेलं. मॅनेजरचं काम काय तर आकडे जुळवणं आणि कच्चा माल मिळावा म्हणून मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणं. जनतेची मालकी असं कागदावर लिहिलेलं, पण आपल्याकडच्या पगडीच्या जुन्या चाळीत कसं, राहणारे सतरा, भांडणारे अठरा आणि गळकं छप्पर दुरुस्त करायचं म्हटलं की मालक कोण तेच कुणाला सांगता येत नाही, तशातली गत.

मग डेंग शियाओपिंग आले, सुधारणा सुरू झाल्या, आणि १९८०च्या दशकात एक आयडिया निघाली की मालकी सरकारकडेच राहू दे, चालवायला मात्र कंत्राटावर द्या. ठरलेला नफा सरकारला दे, वरचा तुझा आणि कामगारांचा. या कंत्राटी पद्धतीचा हिरो म्हणजे मा शेंगली, शिजियाझुआंगच्या कागद कारखान्यातला सेल्सचा माणूस. कारखाना वर्षानुवर्षं तोट्यात. १९८४मध्ये वरून टार्गेट आलं १ लाख ७० हजार युआन नफ्याचं, मॅनेजमेंट म्हणे जमणार नाही, तर या पठ्ठ्याने कारखान्याच्या गेटवर कागद चिकटवला की मला चालवायला द्या, मी ७ लाख काढून दाखवतो, नाही जमलं तर मला कायद्याने शिक्षा करा. वर लिहिलं काय तर माझ्याकडे छत्तीस युक्त्या आहेत आणि चिनी गोष्टीतल्या माकडराजासारखी बहात्तर रूपं. आणि पहिल्याच वर्षी १४ लाख काढले! काय जादू केली? जादू काही नाही हो. टॉयलेट पेपरचे वेगवेगळे साइज काढले, रंग काढले, दुकानदाराला काय हवंय ते विचारलं. योजनेच्या काळात गिऱ्हाइकाला कुणी विचारतच नव्हतं, त्यामुळे विचारणाराच जादूगार ठरला.

पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. मा शेंगली देशभर फेमस झाला, सत्कार, भाषणं, दिल्ली नाही पण बीजिंगवाऱ्या, आणि मग त्याच्या डोक्यात आलं की आपण देशभरातले शंभर कागद कारखाने कंत्राटावर घेऊ. ठिकठिकाणचे महापौर आपापला बुडता कारखाना याच्या गळ्यात घालायला टपलेलेच होते. एक कारखाना फिरून, माणसं ओळखून सुधारता येतो, शंभर नाही येत. काही वर्षांत सगळा डोलारा कोसळला, १९९५मध्ये त्याला घरी बसवलं, त्याचा मूळ कारखानाही पुढे दिवाळखोरीत गेला आणि हा एकेकाळचा राष्ट्रीय हिरो बाओझी, म्हणजे वाफवलेले सारणाचे पाव, विकायचं दुकान चालवायला लागला. कंत्राटी पद्धतीतली खोट तिथेच दिसते. नफा झाला तर वाटणी, तोटा झाला तर कंत्राटदाराच्या खिशात भरायला असतंच काय? तोटा शेवटी सरकारच्याच बँकेच्या माथी. शिवाय तीन-चार वर्षांचं कंत्राट असलं की मशीनला तेल घालायचं सोडून तिला पिळून घ्यायचं, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

याच काळातली दुसरी गोष्ट आपल्या जास्त जवळची. १९८४मध्ये चिंगदाओच्या एका डबघाईला आलेल्या फ्रिज कारखान्यात झांग रुईमिन नावाचा तरुण डायरेक्टर आला. १९८५मध्ये गोदाम तपासलं तर ७६ फ्रिज खराब निघाले. तेव्हा एका फ्रिजची किंमत म्हणजे कामगाराचा दोनेक वर्षांचा पगार, लोक म्हणाले स्टाफला स्वस्तात वाटून टाका. याने घण मागवले आणि ज्यांनी ते बनवले त्यांच्याच हातून सगळ्यांसमोर ते फोडले. ती कंपनी म्हणजे हायर, जिचा रांजणगाव एमआयडीसीत कारखाना आहे, २००७पासून. पुण्याकडच्या अनेक घरांत आज त्यांचं फ्रिज असेल. पण एक लक्षात घ्या, हायर काटेकोरपणे सरकारी नव्हती, सामूहिक मालकीची होती, आणि सामूहिक म्हणजे नक्की कुणाची हे तिथेही कुणी धड सांगू शकत नाही. २०१६मध्ये तिने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचा घरगुती उपकरणांचा अख्खा धंदा पाच अब्जांहून जास्त डॉलर मोजून विकत घेतला, तरी मालक कोण हा प्रश्न विचारला की उत्तर धूसरच.

आता माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात बोलका माणूस, चू शिजियान. युन्नान प्रांतातला. आधी उजव्या विचारांचा म्हणून शिक्का बसून शेतावर पाठवलेला, मग एका साखर कारखान्यात, आणि १९७९मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, युशीच्या सिगारेट कारखान्याचा प्रमुख. त्याने परदेशी मशीनं आणली, तंबाखूच्या शेतकऱ्यांना खतं आणि आगाऊ पैसे देऊन चांगलं पीक घ्यायला लावलं, होंगताशान हा ब्रँड चीनभर नेला, आणि कारखाना आशियातल्या सगळ्यात मोठ्या सिगारेट कारखान्यांत जाऊन बसला. त्याच्या सतरा-अठरा वर्षांत कारखान्याने कर आणि नफा मिळून सुमारे १०० अब्ज युआन कमावून दिले असं सांगतात. आणि त्याची स्वतःची त्या सगळ्या वर्षांची मिळून अधिकृत कमाई? आठेक लाख युआन. सगळं धरून! निवृत्ती जवळ आली, नवा माणूस येणार हे दिसलं, तेव्हा त्याने कंपनीच्या हिशेबाबाहेर ठेवलेल्या पैशांतले १७ लाखांहून जास्त डॉलर स्वतःकडे वळवले. १९९९मध्ये जन्मठेप झाली.

चोरी ती चोरीच, त्याचं समर्थन मी करत नाही. पण तेव्हा चीनमध्ये सामान्य लोकांनाही त्याच्याबद्दल वाईट वाटलं, आणि असे इतके साहेब साठीत रिटायर व्हायच्या जरा आधी हात मारताना सापडले की त्याला ५९चा आजार असं नावच पडलं. ज्याने कंपनी उभी केली तो मालक नाही, जो मालक आहे त्याला चेहरा नाही, आणि गाडी, बंगला, मान सगळं खुर्चीबरोबर एका दिवसात जाणार. चू शिजियान पुढे तब्येतीच्या कारणावरून बाहेर आला, सत्तरी ओलांडलेली, डायबिटीस, आणि आयलाओच्या डोंगरात जमीन भाड्याने घेऊन संत्र्यांची बाग लावली. झाडाला फळं यायला वर्षं लागतात, त्या वयात! दहा वर्षांनी ती संत्री ऑनलाइन विकली जायला लागली आणि लोकांच्या अक्षरशः उड्या पडल्या. आम्हा नागपूरकरांना संत्र्याचं कौतुक कुणी सांगायला नको, पण नव्वदीपर्यंत बागेत फिरणारा हा म्हातारा भारीच. २०१९मध्ये गेला. बाग मात्र त्याच्या घरच्यांना मिळाली, कारण ती त्याची होती. सिगारेट कारखान्यातला एक स्क्रूसुद्धा त्याचा नव्हता.

असो. नव्वदच्या दशकात मामला हाताबाहेर गेला. आधी कारखान्यांना बजेटमधून पैसे मिळायचे, ऐंशीच्या दशकात तेच पैसे बँकेच्या कर्जाच्या नावाने मिळायला लागले, पण कारखानेवाल्यांच्या दृष्टीने फरक काय, परत कुणाला करायचंय. एकमेकांची बिलं थकवणाऱ्या कारखान्यांच्या साखळ्याच्या साखळ्या तयार झाल्या. शेजारी गावोगावचे छोटे कारखाने आणि किनाऱ्यावरच्या परदेशी कंपन्या स्वस्त आणि बरा माल काढायला लागल्या, त्यामुळे सरकारी कारखान्याचा माल गोदामात पडून. १९९२च्या सुमारास शांदोंग प्रांतातल्या झुचेंग नावाच्या छोट्या शहरात चेन ग्वांग नावाच्या महापौराने हिशेब तपासायला लावले तर बहुतेक कारखाने उघड किंवा लपवलेल्या तोट्यात. त्याने सरळ विकायला काढले, बहुतेक तिथल्याच कामगारांना शेअर घ्यायला लावून. लोक त्याला सगळं विकणारा चेन म्हणून चिडवायचे, बीजिंगमधल्या कट्टर मंडळींनी बोंब ठोकली की हा समाजवाद विकतोय. १९९६मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान झू रोंगजी स्वतः तिथे जाऊन बघून आले आणि चेनवर काही कारवाई झाली नाही. सगळे काय समजायचं ते समजले.

१९९७च्या कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनात ते अधिकृत धोरणच झालं, मोठे धरून ठेवा, छोटे सोडून द्या. १९९८मध्ये झू रोंगजी पंतप्रधान झाले आणि म्हणाले तीन वर्षांत सरकारी कंपन्या तोट्यातून बाहेर काढतो. आणि काढल्याही, पण त्याची किंमत कुणी मोजली ते कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतं. सरकारच्याच आकडेवारीनुसार १९९८ ते २००३ या काळात सरकारी कंपन्यांतून २ कोटी ८० लाखांवर लोक घरी बसवले. परत वाचा, दोन कोटी ऐंशी लाख! अख्ख्या मुंबईची लोकसंख्या घ्या आणि तिच्यात पुणे, नागपूर मिळवा, तरी कमीच भरेल. आणि यांना बेकार म्हणायचं नाही हं. कागदावर कारखान्याशी नातं टिकलेलं, तीन वर्षांपर्यंत तुटपुंजा भत्ता, आणि त्यामुळे सरकारी बेकारीच्या आकड्यात ते दिसतच नाहीत. घरी बसवलेल्यांत बायका जास्त, चाळिशी-पन्नाशीतले जास्त, म्हणजे ज्यांना नवीन काम मिळणं सगळ्यात अवघड तेच.

सगळ्यात जास्त मार बसला तो ईशान्येला, म्हणजे शेनयांग, लियाओयांग, दाचिंग या पट्ट्याला. शेनयांगचा तिएशी भाग म्हणजे माओच्या काळातला अवजड उद्योगांचा मुकुटमणी, मैलोन्मैल कारखाने. पाच-सात वर्षांत निम्म्याहून जास्त थंड. नवरा-बायको दोघे एकाच कारखान्यात असायचे त्यामुळे घरातल्या दोन्ही नोकऱ्या एकदम जायच्या. गिरणगाव ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको, फक्त तिथे संप करायची सोय नव्हती आणि युनियन पक्षाचीच. तरी २००२मध्ये लियाओयांगच्या फेरोअलॉय कारखान्यातले हजारो कामगार थकलेला पगार आणि मॅनेजरांनी कारखाना लुटला म्हणून रस्त्यावर आले. त्यांच्या दोघा पुढाऱ्यांना पुढच्या वर्षी सात आणि चार वर्षांची शिक्षा झाली.

दाचिंगची कहाणी तर मला जास्तच टोचते. दाचिंग म्हणजे तेव्हाचं चीनचं सगळ्यात मोठं तेलक्षेत्र, माओच्या पोस्टरांवरचे आदर्श कामगार तिथलेच. सरकारने तेल कंपनीचा चांगला चांगला भाग वेगळा काढून पेट्रोचायना बनवली आणि एप्रिल २०००मध्ये न्यूयॉर्क आणि हाँगकाँगला लिस्ट केली. मूळ कंपनीत पंधरा लाख माणसं, त्यातली पाचेक लाख नव्या कंपनीत, उरलेली माणसं, शाळा, दवाखाने, जुनी देणी सगळं मागे जुन्या कंपनीत. वॉल स्ट्रीटला कंपनी सडपातळ दिसली पाहिजे ना. दाचिंगच्या हजारो कामगारांनी एकरकमी पैसे घेऊन नोकरी सोडली आणि मग कळलं की पेन्शनचा हप्ता, थंडीतल्या घर गरम ठेवण्याच्या खर्चाचा भत्ता हे आता आपणच बघायचंय. मार्च २००२मध्ये ते हजारोंनी जमले. आणि साधारण त्याच सुमाराला अमेरिकेतल्या ओमाहाचे गुंतवणूकदार वॉरन बफेट साहेबांनी पेट्रोचायनाचे शेअर घ्यायला सुरुवात केली, ४८ कोटी ८० लाख डॉलर घातले, २००७मध्ये विकले तेव्हा सुमारे ४ अब्ज डॉलर मिळाले. बफेटनी काहीच चुकीचं केलं नाही, स्वस्त दिसलं घेतलं, महाग झालं विकलं. पण ज्या कंपनीचा मालक कागदावर दाचिंगचा कामगार होता तिच्यातून त्याला काय मिळालं आणि ओमाहाच्या माणसाला काय मिळालं हे शेजारी शेजारी मांडून बघा. (बफेट बाहेर पडल्यावर महिनाभरातच कंपनी शांघायला लिस्ट झाली, पहिल्या दिवशी शेअर ४८ युआनला उघडला, चीनमधल्या सामान्य लोकांनी धावत जाऊन घेतला, आणि वर्षभरात तो दहाच्या आसपास.)

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, नाहीतर एकांगी होईल. १९९८मध्येच कारखान्याने घर वाटायची पद्धत बंद केली आणि असलेली घरं कामगारांना अगदी कमी भावात विकली. पुढच्या वीस वर्षांत घरांचे भाव कुठल्या कुठे गेले. शांघाय, बीजिंगमधल्या ज्याला ते दोन खोल्यांचं घर मिळालं तो आयुष्यभराच्या पगारात झाला नसता इतका श्रीमंत झाला. तिएशीतल्या माणसालाही घर मिळालं, पण ज्या गावात काम नाही तिथल्या घराला भाव कोण देणार. म्हणजे यातही नशीब शहराचं.

बँकांचं काय झालं? १९९९मध्ये चार नव्या सरकारी कंपन्या काढल्या आणि बँकांकडची तब्बल १.४ लाख कोटी युआनची बुडीत कर्जं दर्शनी किमतीला त्यांच्याकडे सरकवली. त्या दहा वर्षांत कर्ज निस्तरून बंद व्हायच्या होत्या. झाल्या का? नाव सोडा. उलट त्यांनी स्वतःच सावकारी सुरू केली. त्यातली एक ह्वारोंग, तिचे चेअरमन लाय शियाओमिन यांच्या घरात टनावारी रोकड सापडली, १.८ अब्ज युआनच्या आसपास लाच घेतल्याचं सिद्ध झालं आणि जानेवारी २०२१मध्ये त्यांना मृत्युदंडाची शिक्षा देऊन ती अमलातही आणली. बुडीत कर्जं साफ करायला काढलेली कंपनी शेवटी दुसऱ्या एका सरकारी ग्रुपला वाचवावी लागली.

२००३मध्ये मालकाच्या जागेवर बसायला एक आयोग नेमला, सासाक नाव त्याचं. तेव्हा केंद्राच्या १९६ कंपन्या होत्या, एकमेकांत मिसळत मिसळत आज शंभरच्या आसपास उरल्यात. तेल, वीज, फोन, स्टील, जहाजं, धान्य, सगळं. २०१३मध्ये शी जिनपिंगच्या नेतृत्वाखाली ठराव झाला की बाजाराची भूमिका निर्णायक असेल, सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या. २०१६मध्ये त्यांनीच सांगितलं की सरकारी कंपनीत पक्षाचं नेतृत्व पक्कं हवं, आणि कंपन्यांनी आपल्या नियमावल्याच बदलल्या, मोठा निर्णय बोर्डाकडे जायच्या आधी पक्षाच्या समितीकडे जाणार. २०१७मध्ये चायना युनिकॉम या सरकारी फोन कंपनीत अलिबाबा, टेन्सेंट, बायडू, जेडी या इंटरनेटवाल्या खाजगी दादांकडून पैसे घेतले, बोर्डावर जागा दिल्या, याला मिश्र मालकी म्हणतात. पैसे तुमचे, शेवटचा शब्द आमचा. मी अलिबाबाच्या जागी असतो तर मीही निमूट दिले असते, नाही म्हणायची हिंमत कुणात आहे.

आणि तरीही सरकार पाठीशी आहे म्हणजे पैसे सेफ हा समजही तिथे तुटला. शेनयांगची ब्रिलियन्स नावाची ऑटो कंपनी, लियाओनिंग प्रांताची, बीएमडब्ल्यूची भागीदार. बीएमडब्ल्यूचा मोठा कारखाना कुठे आहे माहितीये? त्याच तिएशीत. भागीदारीतून मिळणाऱ्या नफ्यावर ब्रिलियन्स वर्षानुवर्षं जगली, स्वतःच्या गाड्या कुणी घेईना, तरी कर्जफेडीचं रेटिंग ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरचं. ऑक्टोबर २०२०मध्ये तिने १ अब्ज युआनचं रोख्यांचं देणं बुडवलं. पाठोपाठ हेनानच्या एका सरकारी कोळसा कंपनीनेही तेच केलं आणि बाजाराची झोप उडाली. २०२२मध्ये बीएमडब्ल्यूने भागीदारीतला आपला वाटा ७५ टक्क्यांवर नेला.

गाड्यांचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडे एमजी हेक्टर घेतलेले पुष्कळ जण ती ब्रिटिश समजून घेतात. एमजी ज्या एसएआयसीची, ती शांघाय शहराच्या सरकारच्या मालकीची. भारतातल्या धंद्यात आता जिंदालांचा वाटा आहे ते वेगळं. ही एसएआयसी वर्षानुवर्षं चीनची नंबर एक कार कंपनी होती, फोक्सवॅगन आणि जनरल मोटर्सबरोबरच्या भागीदारीच्या जिवावर, आणि २०२४मध्ये खाजगी बीवायडीने तिला विक्रीत मागे टाकलं. चीनमध्ये एक आकड्यांचा मंत्रच आहे, पक्षाचे नेतेही म्हणतात: खाजगी क्षेत्राकडून ५० टक्के कर, ६० टक्के जीडीपी, ७० टक्के नवे शोध, ८० टक्के शहरी रोजगार, आणि कंपन्यांच्या संख्येत ९० टक्के. म्हणजे कमावतं कोण हे त्यांना नीट माहितीये. तरी २०२०-२१मध्ये अलिबाबाचे संस्थापक जॅक मा यांना गप्प बसवलं, त्यांच्या अँट या वित्त कंपनीचा आयपीओ ऐनवेळी थांबवला, मग अर्थव्यवस्था रखडल्यावर फेब्रुवारी २०२५मध्ये त्याच जॅक मांना शी जिनपिंगच्या बैठकीत पुढच्या रांगेत बोलावलं आणि मे महिन्यात खाजगी क्षेत्राच्या संरक्षणाचा कायदा लागू केला. उद्योजकांनी यातून काय समजायचं ते समजलं असेलच.

मला स्वतःला यातली सगळ्यात महत्त्वाची सुधारणा वाटते ती फारशी कुणाच्या चर्चेतही नसते. मालक म्हणजे ज्याला डिव्हिडंड मिळतो तो, इतका साधा हिशेब धरला तर १९९४ ते २००७ या काळात या कंपन्यांनी आपल्या मालक सरकारला डिव्हिडंडच दिला नाही. एक पैसा नाही. कर भरायचे तेवढाच, नफा आपल्याकडे, त्यातून हॉटेलं बांधा, जमिनी घ्या. २००७नंतर ५ ते १० टक्के द्यायला लागल्या, पुढे प्रमाण वाढवलं, पण त्यातलं बरंचसं फिरून परत सरकारी कंपन्यांनाच जायचं. २०१७मध्ये मात्र ठरलं की सरकारी कंपन्यांचे १० टक्के शेअर पेन्शनसाठीच्या सामाजिक सुरक्षा निधीकडे वळवायचे, आणि २०२०च्या शेवटापर्यंत केंद्राच्या कंपन्यांचे १.६८ लाख कोटी युआनचे शेअर वळवलेही. जनतेची मालकी म्हणतात ती कुठे थोडीशी हाताला लागत असेल तर ती इथे. दहा टक्केच, पण निदान कुणाच्या तरी म्हातारपणासाठी.

गावाकडच्या म्हाताऱ्यांना चीनमध्ये अजून महिन्याला दोनेकशे युआनच पेन्शन मिळतं, शहरातल्या कंपन्यांतून रिटायर झालेल्यांना त्याच्या पंधरापट तरी. ज्यांनी तीस वर्षं सरकारला स्वस्तात धान्य घालून ते कारखाने उभे राहायला मदत केली त्यांचा वाटा अजून मोजलाच नाहीये. तिथलेच काही अर्थतज्ज्ञ म्हणतात की आणखी शेअर वळवा आणि गावाकडचं पेन्शन वाढवा. सरकारची सध्या तरी त्यापेक्षा चिप आणि रोबो बनवणाऱ्या फंडांमध्ये पैसे घालायची घाई जास्त दिसते.